शेवटच्या पंगतीतला ब्रिगेडियर

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीतल्या कुठल्याही जुन्या माणसाला आजही विचारा, उत्तर कुठे? तो क्षणभरही न थांबता संडासांकडे बोट दाखवील. पूर्वेला गिरणीची चिमणी, दक्षिणेला पिंपळ आणि पश्चिमेला भाजीवालीचा कट्टा. हे भूगोलाचं ज्ञान आम्हाला शाळेनं दिलेलं नाही. ते दिलं पहिल्या मजल्यावरच्या ब्रिगेडियर साहेबांनी.

होय, ब्रिगेडियर! सुभेदार नाही, हवालदार नाही. मोटारीवर झेंडा आणि दारात संत्री असलेला माणूस आमच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहायचा आणि सकाळी आमच्याबरोबर रांगेत उभा राहायचा. मी तेव्हा भोईवाड्याच्या कोर्टात नवा कारकून होतो. ही गोष्ट मी तिथे सांगितली, तर आमचे हेडक्लार्क म्हणाले, "आमच्याकडे पण गव्हर्नर राहतात. वरच्या माळ्यावर. कबुतरं पाळतात."

साहेब आले होते दोन महिन्यांसाठी. वडील गिरणीत आयुष्य काढून वारले होते, खोलीला कुलूप होतं. ती कुणाला तरी देऊन पुण्याला जायचं, असा बेत. बायको लवकर गेलेली, मुलगी लग्न होऊन परदेशात. एक काळी लोखंडी ट्रंक, एक छडी आणि एक रुंद चामडी पट्टा, पितळी बकलाचा, एवढं घेऊन ते जिना चढले. दोन महिन्यांची अकरा वर्षं झाली.

तो पट्टा लक्षात ठेवा. आमच्या चाळीत लेंगे होते, पायजमे होते, धोतरं होती, लुंग्या होत्या. कमरेला पट्टा असलेला माणूस एकच. रोज सकाळी ते गॅलरीत बसून बक्कल घासायचे आणि त्यात बघून मिशी विंचरायचे. चाळीत आरसे नव्हते असं नाही, पण म्हणायचे, "आरशात माणूस तोंड बघतो. बकलात बघितलं की दोन्ही कामं होतात."

सकाळच्या रांगेत त्यांना बघणं हा सोहळा असे. पाठीचा कणा सरळ, छाती पुढे, उजव्या काखेत छडी आणि डाव्या हातात टमरेल. पहिल्या दिवशी सगळे गडबडीनं बाजूला झाले. "साहेब, तुम्ही पुढं व्हा." साहेब जागचे हलले नाहीत. "आज मी रांग मोडली तर उद्या तुम्ही काय काय मोडाल?" म्हणाले. मग मागे वळून माझ्याकडे बघत, "आणि तू, कारकून! तोंड उत्तरेकडे कर. आपण तिकडे चाललो आहोत."

कुणी पत्ता विचारला तर ते तोंडी सांगत नसत. खिशातून पेन्सिल काढून नकाशा काढत. परळच्या न्हाव्याकडे जायचा नकाशा अजून माझ्याजवळ आहे. त्यात दोन पूल आहेत, एक "संशयास्पद कुत्रा" आहे आणि माघारीचा पर्यायी मार्गसुद्धा आहे. न्हाव्याकडून माघार कशासाठी, हे मी विचारलं नाही. त्या न्हाव्यानं कान कापल्यावर कळलं.

एवढा मोठा लष्करातला माणूस हाताशी आलेला, तेव्हा चाळीला युद्धकथा हव्या होत्या. गणपतीत त्यांना खुर्चीवर बसवलं, हार घातला आणि कुणीतरी विचारलं, "साहेब, तुम्ही किती शत्रू मारले?"

"किती कांदे सोलले ते विचार," साहेब म्हणाले. "तो आकडा बरोबर सांगतो."

पुढचा अर्धा तास ते कांद्यावर बोलले. बर्फात गोठलेला कांदा हातोडीनं कसा फोडायचा, खेचर हट्टाला पेटलं तर त्याच्यासमोर दुसऱ्या खेचराला कसं खाऊ घालायचं. लोक हिरमुसून घरी गेले. म्हातारा पेटीवाला म्हणाला, "हा लढाईवर होता की लग्नाच्या स्वयंपाकाला?"

खरं काय ते आम्हाला दुसऱ्यानंच सांगितलं. एका रविवारी साताऱ्याकडचा एक निवृत्त जवान साहेबांना शोधत आला. गॅलरीत साहेब बनियनवर बसून बक्कल घासत होते. त्या माणसानं हातातली ट्रंक खाली टाकली आणि असा काही सॅल्यूट ठोकला की शेजारच्या बाईच्या हातातलं तांदळाचं सूप खाली पडलं. साहेब पोराबाळांची चौकशी करून आंघोळीला गेले, तेवढ्यात आम्ही त्या पाहुण्याला घेरलं.

"साहेब शिपाई म्हणून भरती झाले," तो म्हणाला. "गिरणीच्या दारात बदली कामगार म्हणून उभे राहायचे. रोज जायचं, मुकादम बोट करील त्यानं आत, बाकीच्यांनी घरी. लागोपाठ कितीतरी दिवस बोट झालं नाही, तर तसेच चालत गेले आणि भरती झाले. शिपायाचा ब्रिगेडियर होणं म्हणजे काय, तुम्हाला नाही कळायचं."

"पण लढाई?" आम्ही.

मग त्यानं सांगितलं. पलीकडची टेकडी घ्यायचा हुकूम आला होता. साहेब तेव्हा पलटणीचे प्रमुख. त्यांनी वायरलेसवर कळवलं, 'माझ्या माणसांनी दोन दिवस गरम खाल्लेलं नाही. खिचडी शिजतेय. खाऊन निघतो.' पलीकडून असा आवाज चढला की वायरलेसवाल्यानं कानावरचं यंत्र लांब धरलं. साहेबांनी सगळ्यांना जेवू घातलं. तासभर उशिरा निघाले आणि उजाडता उजाडता टेकडी घेतली. पुढे एकाच टपालानं दोन पाकिटं आली. एकात उशिराबद्दल ताकीद, दुसऱ्यात पदक.

"म्हणूनच जनरल झाले नाहीत," तो म्हणाला. "आणखी एक सांगतो. कुठल्याही तळाची तपासणी असली, तर बाकीचे अधिकारी बंदुका बघतात. आमचे साहेब आधी स्वयंपाक्याकडे जायचे. आणि विचारायचे, 'तू जेवलास का?'"

आता इथे माझी आई येते. ती आली की बाकीचे जरा मागे सरतात, मी काही करू शकत नाही.

आई खानावळ चालवायची. तळमजल्यावरच्या आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत भिंतीलगत पाट, आतल्या खोलीत चूल आणि मधे पडदा. गावी कुटुंब ठेवून इथे सामायिक गाळ्यात राहणारे पंचवीस-तीस गिरणीवाले तिच्याकडे जेवायचे. आई मालवणची. आवाज असा की गिरणीचा भोंगा बंद पडला तरी पाळी चुकली नसती.

साहेब आमच्याकडे जेवायला लागले ते पहिल्याच आठवड्यात. संध्याकाळी सात वाजता यायचे, दाराजवळच्या बाकावर छडी मांडीवर घेऊन बसायचे आणि सगळ्या पंगती उठेपर्यंत हलायचे नाहीत.

"भावोजी, बसा हो आता," आई आतून ओरडायची. "आमटी तिसऱ्यांदा तापयतंय!"

"माझी माणसं जेवल्याशिवाय मी जेवत नाही."

"ही माणसा तुमची खयची? ही माझी माणसा! माझ्या खानावळीतली!"

शेवटचा माणूस हात धुऊन गेला की खरा पेच सुरू व्हायचा. कारण खानावळीचाही एक नियम असतो: वाढणारी बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते. माझ्या आजीपासून हे चालत आलेलं. साहेब म्हणायचे, "वहिनी, तुम्ही आधी." आई म्हणायची, "ह्या घरात शेवटी मी जेवतंय. तुम्ही आधी." भात निवायचा, आमटीवर साय यायची. भुकेनं दोघांचे चेहरे उतरायचे. पण एकानं टेकडी सोडली नाही आणि दुसरीनं चूल. मी मधे पडद्याजवळ उभा. पंचविशीतला, सरकारी नोकरीतला माणूस, आणि माझ्या पोटात कावळे! कारण या दोघांच्या आधी जेवलो तर दोघंही माझ्याकडे अशी बघायची, जणू मी पलटणीतून पळून आलोय.

शेवटी तह मीच घडवला. आईचं पान पडद्याच्या आत, साहेबांचं पडद्याच्या बाहेर. दोघांनी भाकरी मोडून घास हातात धरायचा. मी पडद्याजवळ उभा राहून ओरडायचं, "सुरू!" आणि दोघांचे घास एका क्षणी तोंडात. कुणी पहिलं नाही, कुणी दुसरं नाही. कोर्टात एवढ्या वर्षांत मी शेकडो तडजोडी बघितल्या. एवढी काटेकोर पाळली गेलेली दुसरी नाही.

एकदा मी त्यांना विचारलं, "साहेब, हे शेवटी जेवायचं पलटणीत शिकवतात का?"

"पलटणीत शिकवतात," ते म्हणाले. "पण मी ते आधीच शिकून गेलो होतो. माझी आई याच चाळीत खानावळ चालवायची. ती शेवटी जेवायची. म्हणजे बहुतेक वेळा जेवायचीच नाही, उरायचंच नाही काही. आम्हाला ते खूप उशिरा कळलं." मग छडीचं टोक जमिनीवर आपटून म्हणाले, "शेवटचा माणूस बसून राहिला की वाढणारीला भांडं झाकता येत नाही. काय उरलंय ते दिसतं."

म्हणजे तो बाक ही त्यांची चौकी होती आणि पहारा होता माझ्या आईच्या ताटावर. आईला मी हे सांगितलं नाही. तिला पहारा बिलकूल खपला नसता.

मग संप आला. भोंगे थांबले. सुरुवातीला चाळीत सणच होता. सभा, घोषणा, दिवसाढवळ्या माणसं घरात. मग महिने गेले. गाळ्यातली माणसं एकेक करून गावाला निघाली. खानावळीत पंचविसाची पंधरा झाली. भाकऱ्या लहान झाल्या, आमटीत डाळ शोधावी लागायची. कुणाचंही ताट आईनं थांबवलं नाही. माझा पगार त्या चुलीत जात होता. त्याबद्दल मी काही बोललो नाही, कारण बोलायची हिंमत नव्हती.

पावसाळा उलटला तेव्हा चाळीच्या पटांगणात सभा झाली. साहेबांना बोलायला सांगितलं. आता हा माणूस दोन शब्द उत्तेजनाचे बोलून खाली बसला असता, तर आजही चाळीत त्यांचा पुतळा असता. पण साहेबांना खोटं बोलायचं प्रशिक्षणच नव्हतं. ते उभे राहिले, उत्तरेकडे तोंड केलं आणि म्हणाले, "फौज गोळीनं हरत नाही, रसदीनं हरते. मी तुमची चूल रोज बघतो. रसद संपायच्या आत, सगळ्यांनी मिळून, रांगेत, शिस्तीत मागे या. मागे येणं म्हणजे पळणं नाही. पुन्हा लढायला माणसं उरतात."

मग विणकामाच्या साचेखात्यातले तात्या उठले. आमच्या खानावळीतले सगळ्यात जुने. पंचवीस वर्षं एकाच साच्यावर काढलेला माणूस.

"सायेब," तात्या म्हणाले, "तुमची पेन्शन दर महिन्याला येती. पोट भरलेल्या मानसानं उपाशी मानसाला माघार शिकवू नये. आमच्यात त्याला फितुरी म्हणत्यात."

साहेबांचा चेहरा हलला नाही. पण मी शेजारी होतो. छडी काखेत घालायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

दुसऱ्या संध्याकाळी तात्या आणि बाकीचे चौदा जण आमच्या दारात उभे राहिले. पाटावर बसेनात. "आक्का," तात्या म्हणाले, "त्यो जेवणार असंल त्या घरात आमी जेवणार न्हाई. तू ठरव."

आई हातात पळी घेऊन बाहेर आली. "कोण जाता तो जाऊंदे!" ती म्हणाली. आवाज नेहमीचा होता, पण पळी तिनं दारात आडवी धरली होती. चौदा-पंधरा उपाशी माणसं दारातून परत पाठवायची, की एका माणसाची बाकावरची जागा काढायची? खानावळवालीला याहून वाईट प्रश्न कुणी घालू नये.

तिला उत्तर द्यावं लागलं नाही. साहेब जिन्यावर उभे राहून ऐकत होते. तिथूनच वळले आणि वर गेले. पलटण गेली होती, बायको गेली होती. बसायची एक जागा उरली होती, आमच्या दाराजवळची. तीही त्यांनी स्वतःच सोडली. दुसऱ्या दिवसापासून वरून स्टोव्हचा आणि करपल्याचा वास यायला लागला. ज्या माणसानं हजारो माणसांची जेवणं बघितली, त्याला स्वतःपुरता भात येत नव्हता. आईनं माझ्या हाती डबा पाठवला. साहेबांनी झाकणसुद्धा उघडलं नाही.

"एका माणसासाठी वेगळी रसद निघत नाही," म्हणाले. "खाली ने. आणि आवाज करू नकोस."

रांगेत आता त्यांच्या पुढे आणि मागे दोन-दोन हात जागा मोकळी राहायची. ते तसेच उभे राहायचे. ताठ. उत्तरेकडे तोंड करून.

आठवड्याभरानं माझ्या चपलेचा अंगठा तुटला. कोपऱ्यावर लक्ष्मण चपला शिवायचा. अंगठा लावता लावता तो म्हणाला, "तुमच्या साहेबांना बरं नाही का? काल पट्ट्याला पाचवं भोक पाडून नेलं."

"पाचवं?"

"संप लागल्यापासून पाचवं. पहिलं पाडलं तेव्हा म्हणाले, चामडं सैल पडलं. चामडं सैल पडतं, पण इतकं? आता तो पट्टा अर्धा मागं लोंबतो."

मी तडक घरी आलो आणि आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"माका काय नवीन सांगतंस? संप लागल्यापासून हो माणूस अर्धीच भाकरी खाय होतो. रोज. अर्धी माझ्या पानात सरकवी, पडद्याखालसून."

"आणि तू बोलली नाहीस?"

"त्याने सांगितलान, बोलूचा नाय. तो म्हणालो, ह्यो हुकूम आसा." मग तिच्या हाताची थाप थांबली. आणि एकदम उठली. "पण मी काय त्याच्या पलटणीत नाय!"

बाहेरच्या खोलीत पंधरा माणसं जेवत होती. आई पिठाच्या हातानं पडदा सारून उभी राहिली आणि तिनं जो तोंडाचा पट्टा सोडला, तो इथे पूर्ण देता येणार नाही. मी सरकारी पेन्शनर आहे. सारांश एवढाच: पोट भरलेला माणूस कोण म्हणालं? ह्या माणसाच्या पोटात काय जाता ता माका विचारा. नसेल पटत, तर कोपऱ्यावर जाऊन लक्ष्मणाला पट्ट्याची भोकं विचारा.

तात्यांनी हातातला घास ताटात ठेवला, मग पुन्हा उचलून खाल्ला, कारण त्या दिवसांत घास ठेवून उठणं शक्यच नव्हतं. पण हात धुऊन ते सरळ कोपऱ्याकडे गेले. तेही साताऱ्याकडचे; ऐकलेलं पडताळून बघितल्याशिवाय मान्य करायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी सात वाजता पंधराच्या पंधरा जण आले, चौदा पाटावर बसले. आईनं वाढलं. कुणी ताटाला हात लावला नाही.

"काय झाला? मीठ कमी?" आई म्हणाली.

"आमी थांबलोय," एक जण म्हणाला. तात्या जागेवर नव्हते. ते वर गेले होते. साहेबांच्या दारात उभे राहून ते काय म्हणाले, ते अख्ख्या चाळीनं ऐकलं, कारण चाळीत सगळं ऐकू येतं. माफीबिफी नाही. एवढंच म्हणाले, "सायेब, खाली रांग मोडली हाय. शेवटचा मानूस जागेवर न्हाई."

जिन्यावर छडीचा आवाज आला. साहेब आले. खरोखरच निम्मे झाले होते. पट्ट्याचं टोक पार पाठीपर्यंत गेलं होतं. ते दाराजवळच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "जेवा."

"तुमी आधी," तात्या म्हणाले.

"मी शेवटी जेवतो."

"आजपासून आमीबी शेवटीच जेवणार."

झालं! आता सोळा माणसं शेवटी जेवणार होती आणि सतरावी आत चुलीपाशी. आमटीवर साय आली. एकानं हळूच भाताचं एक शीत तोंडात टाकलं, तर तात्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं ते गिळलंच नाही. शेवटी आई ओरडली, "मेल्यांनो, माझो भात निवलो!" आणि तिनं जे केलं, ते त्या खानावळीत आधी कधी घडलं नव्हतं. मधला पडदा हिसकून काढला, साहेबांचं पान त्यांच्या पुढ्यात ठेवलं, स्वतःचं उचललं आणि बाहेर येऊन साहेबांच्या समोर, पुरुषांच्या पंगतीत, पाट ओढून बसली. माझ्याकडे बघून म्हणाली, "सांग."

मी आयुष्यात एवढ्या जोरात कधी ओरडलो नाही. "सुरू!"

सतरा घास एकदम. आणि माझा अठरावा.

तो पडदा पुन्हा लागला नाही. संपाचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे; गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत, आणि चिमणीच्या जागी आता काचेची इमारत आहे, त्यामुळे आमची पूर्व दिशा जराशी चमकते. कितीतरी वर्षांनी तात्या गावाहून आले होते. जेवता जेवता म्हणाले, "सायेब, तुमी तवा बरोबर बोलला होता."

"तात्या, लोणचं इकडे सरकव," साहेब म्हणाले. त्या विषयावरचं त्यांचं संपूर्ण भाष्य एवढंच.

साहेब गेले ते झटपट, एका सकाळी, बक्कल हातात असताना. लष्कराची गाडी आली, बिगूल वाजला, जवानांनी सलामी दिली. चाळ गॅलऱ्यांतून ओथंबली होती. तेराव्याचं जेवण आईनं एकटीनं रांधलं. कुणाला हात लावू दिला नाही. तात्या आले, साताऱ्याकडचा तो जवान आला, आमचे हेडक्लार्कसुद्धा आले, आणि भिंतीवरचा गणवेशातला फोटो बघून बराच वेळ टोपी हातात धरून उभे राहिले. तीन पंगती झाल्या. सगळे हात धुऊन गेले.

आई पान घेऊन दाराजवळ बसली, बाकासमोर. मी म्हटलं, "चला, शेवटी तूच जिंकलीस. आता तूच शेवटची."

"व्हय तर," आई म्हणाली. भाकरी मोडली, घास केला आणि हातात धरून बसून राहिली. मी वाट बघितली. आमटी निवायला लागली.

"आई, जेव ना."

तिनं बाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सांगूचा ता इसारलंस?"

मी दारात जाऊन उभा राहिलो, उत्तरेकडे तोंड केलं आणि ओरडलो, "सुरू!"